आधी झोप उडते की आधी मन खचतं? तरुणांमधला निद्रानाश, चिंता आणि डिप्रेशन यांचं नातं

रात्री दीड वाजता लाइट बंद केला. अडीच वाजले तरी डोळ्याला डोळा लागलेला नाही. सकाळी सातचा अलार्म आहे. 'आत्ता जरी झोप लागली तरी साडेचार तास मिळतील,' असा हिशेब डोक्यात सुरू होतो. साडेतीनला तोच हिशेब साडेतीन तासांवर येतो. सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड, कशात लक्ष लागत नाही. आणि संध्याकाळ झाली की वेगळीच धास्ती: आज तरी झोप येईल ना?

विशीतल्या कित्येकांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं, "तो मोबाइल बाजूला ठेव, आपोआप येईल झोप." मित्रांमध्ये सांगितलं तर, "टेन्शन घेतोस म्हणून होतं." म्हणजे कुणी फोनला दोष देतं, कुणी टेन्शनला. झोपेच्या तक्रारीकडे स्वतंत्र आजार म्हणून बघायची आपल्याला सवयच नाही.

खरं तर वैद्यकशास्त्रालाही ती बराच काळ नव्हती. डिप्रेशन किंवा अँक्झायटी हा मूळ आजार आणि झोप न येणं हे त्याचं लक्षण, अशी समजूत होती. मूळ आजार बरा करा, झोप आपोआप परत येईल. पण नंतरच्या संशोधनात दिसलेलं चित्र बरंच गुंतागुंतीचं आहे. झोप आधी उडते आणि नैराश्य मागून येतं, असंही अनेकदा घडतं.

मिशिगनमधल्या हजार तरुणांचं काय झालं?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९८९ मध्ये २१ ते ३० या वयाच्या १,००७ जणांच्या सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या. झोप कशी लागते, मन उदास राहतं का, याआधी कधी डिप्रेशन आलं होतं का, असे प्रश्न त्यात होते. पुढची साडेतीन वर्षं याच तरुणांना पुन्हा भेटून त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवण्यात आली. साथरोगतज्ज्ञ नओमी ब्रेस्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आयुष्यात कधी ना कधी निद्रानाशाचा त्रास झाला होता, असं साधारण दर चौघांपैकी एकाने सांगितलं. पण महत्त्वाचा आकडा पुढचा होता. ज्यांना सुरुवातीला निद्रानाशाचा इतिहास होता, त्यांना पुढच्या काळात नव्याने डिप्रेशन येण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट होता.

इथे एक शंका रास्त आहे. कदाचित या मंडळींना आतून डिप्रेशन सुरू झालेलंच असेल आणि झोप उडणं ही त्याची पहिली खूण असेल. संशोधकांनीही हे तपासलं. आधीपासून असलेली नैराश्याची इतर लक्षणं हिशेबात धरल्यावर चौपटीचा आकडा बराच खाली आला, मात्र धोका पूर्ण पुसला गेला नाही. म्हणजे झोपेचा स्वतःचा असा काहीतरी वाटा होता.

त्याच सुमारास, १९९७ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या १,०५३ पुरुषांना विद्यार्थिदशेत त्यांच्या झोपेबद्दल विचारलं होतं आणि पुढे तब्बल तीन दशकांहून अधिक काळ त्यांचा मागोवा घेतला गेला. विद्यार्थी असताना ज्यांना निद्रानाश होता, त्यांना पुढच्या आयुष्यात डिप्रेशन येण्याची शक्यता दुप्पट निघाली. २०११ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी असे २१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही आकडा दुपटीच्याच आसपास आला.

दुप्पट धोका म्हणजे निद्रानाश असलेल्या प्रत्येकाला डिप्रेशन येणारच, असं अजिबात नाही. बहुतेकांना येत नाही. हे वाचून आज रात्रीची झोप आणखी उडवून घेऊ नका.

मग निद्रानाश कशाला म्हणायचं?

परीक्षेच्या आदल्या रात्री, ब्रेकअपनंतरच्या आठवड्यात किंवा घरात कुणी आजारी असताना झोप उडणं स्वाभाविक आहे. त्याला आजार म्हणत नाहीत. झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते, असं आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने होत राहिलं, आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर डॉक्टर त्याला निद्रानाशाचा विकार म्हणतात.

'पुरेसा वेळ असूनही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रात्री तीनपर्यंत वेब सिरीज पाहून सातला उठणाऱ्याची झोप कमी होते, पण तो निद्रानाश नाही. त्याला आडवं केलं की पाच मिनिटांत घोरायला लागतो. निद्रानाश असलेला माणूस दमलेला असतो, डोळे चुरचुरत असतात, तरी टक्क जागा असतो.

मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 'डीएसएम' या पुस्तिकेत २०१३ मध्ये एक मोठा बदल झाला. तोपर्यंत निद्रानाशाचे 'स्वतंत्र' आणि 'दुसऱ्या आजारामुळे आलेला' असे कप्पे होते. पाचव्या आवृत्तीने ते काढून टाकले. सोबत डिप्रेशन असो वा नसो, निद्रानाशाची नोंद स्वतंत्र करायची आणि त्यावर स्वतंत्र उपचार करायचे, असा त्याचा अर्थ.

चिंतेचा क्रम उलटा

अँक्झायटीच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेतल्या १३ ते १६ वयाच्या सुमारे हजार मुलामुलींच्या अभ्यासात (२००६) एक लक्षवेधी क्रम दिसला. ज्यांना अँक्झायटी आणि निद्रानाश दोन्ही होतं, त्यांच्यातल्या ७३ टक्के जणांमध्ये अँक्झायटी आधी आली होती. उलट ज्यांना निद्रानाश आणि डिप्रेशन दोन्ही होतं, त्यांच्यातल्या ६९ टक्के जणांमध्ये निद्रानाश आधी होता.

म्हणजे अनेकांच्या बाबतीत साखळी अशी दिसते: आधी चिंता, चिंतेने उडालेली झोप, आणि न झोपलेल्या महिन्यांच्या मागून आलेलं नैराश्य. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काहींना डिप्रेशन थेट येतं आणि झोप त्यानंतर बिघडते. पण ही साखळी लक्षात घेतली तर मधली कडी किती महत्त्वाची आहे ते कळतं. ती तोडता आली तर?

चिंता आणि झोप यांचं वैर समजायला फार खोलात जायची गरज नाही. चिंता म्हणजे शरीराने घेतलेला पहारा. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठतात, डोकं पुढच्या धोक्याचा अंदाज घेत राहतं. झोपेसाठी हा पहारा उठावा लागतो. दिवसभर काम, गप्पा, ट्रॅफिक यांत मन गुंतलेलं असतं. रात्री अंधारात पडल्यावर विचारांना मोकळं रान मिळतं. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांच्या रक्तात संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या भागात कॉर्टिसोल हे तणावाचं संप्रेरक वाढलेलं असतं, असं २००१ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. शरीर खरोखरच सावध असतं. 'मनाचे खेळ' म्हणून ते झटकून टाकता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. झोप झाली नाही की भावना आवरणं कठीण जातं. २००७ च्या एका प्रयोगात १८ ते ३० वयाच्या २६ निरोगी तरुणांपैकी निम्म्यांना सुमारे ३५ तास जागं ठेवलं आणि मग सगळ्यांना त्रासदायक चित्रं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. भीती आणि धोका ओळखणारा मेंदूतला अमिग्डला हा भाग जागलेल्यांमध्ये ६० टक्क्यांनी जास्त उसळला. त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेलं त्याचं नातंही सैल पडलं होतं. सलग दीड दिवस जागरण आणि महिनोन्महिने तुटक झोप या एकच गोष्टी नाहीत, हे खरं. तरी रात्रभर तळमळल्यावर सकाळी आईच्या साध्या प्रश्नावर आपण खेकसतो का, याचा थोडा अंदाज यातून येतो.

परीक्षा संपली, झोप मात्र परत आली नाही

पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना विचारा, झोपेची गाडी रुळावरून घसरल्याच्या गोष्टी हमखास ऐकायला मिळतील. अभ्यासाचं आणि वयाचं टेन्शन, गावाकडून येणारे फोन, पुढे ढकललेली परीक्षा. अशा वेळी झोप उडणं समजण्यासारखं आहे. कोडं पुढे आहे. परीक्षा होते, निकाल लागतो, कधीकधी चांगलाही लागतो. कारण संपलेलं असतं, तरी झोप परत येत नाही. का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात याचं एक सोपं स्पष्टीकरण मांडलं, जे आजही वापरलं जातं. त्यांच्या मते निद्रानाशाची कारणं तीन थरांत असतात. पहिला थर स्वभावाचा आणि शरीराचा: काही जण मुळातच हलक्या झोपेचे, काळजी करणारे असतात. दुसरा थर निमित्ताचा: परीक्षा, नोकरी जाणं, नातं तुटणं. तिसरा थर मात्र आपण स्वतःच नकळत रचतो. झोप झाली नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत लोळतो. दुपारी दोन तास झोपतो. सुस्ती घालवायला संध्याकाळी तीन कटिंग मारतो. रात्री 'आज लवकर आडवं होऊ' म्हणून झोप नसतानाही साडेनऊला गादीवर पडतो.

यातलं प्रत्येक पाऊल शहाणपणाचं वाटतं आणि प्रत्येक पाऊल झोपेला आणखी लांब ढकलतं. दिवसभर जागं राहिल्याने झोपेची जी भूक साठते, ती दुपारच्या झोपेत मोडून जाते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. आणि रोज तासन्‌तास जागं पडून राहिल्याने मेंदू गादीची सांगड झोपेऐवजी तळमळीशी घालतो. सोफ्यावर टीव्ही पाहताना पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच खडबडून जागा होतो, तो यामुळेच. निमित्त संपलं तरी हा तिसरा थर शिल्लक राहतो आणि निद्रानाश स्वतःच्या पायावर उभा राहतो.

विशीतच का?

एक कारण थेट जीवशास्त्राचं आहे. शरीराचं घड्याळ किशोरवयापासून पुढे सरकत जातं आणि वयाच्या विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरावर असतं. नंतर हळूहळू पुन्हा मागे येतं. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये हे दाखवलं. त्यामुळे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला रात्री बाराला झोप येत नसेल तर तो प्रत्येक वेळी आळशीपणा किंवा वाईट सवय नसते. अडचण ही, की कॉलेज आणि ऑफिस या घड्याळाला विचारून सुरू होत नाही.

त्यात नेमकी हीच वर्षं घर सुटण्याची, पीजीत तिघांत एक खोली वाटून घेण्याची, पहिल्या नोकरीची आणि पहिल्या ईएमआयची असतात. अमेरिकेच्या वेळेनुसार चालणाऱ्या कंपन्यांत रात्रपाळी असेल तर शरीराचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांचं भांडण रोजचंच. डिप्रेशन आणि अँक्झायटीची सुरुवातही बऱ्याच जणांमध्ये तारुण्यातच होते.

आणि मोबाइल? त्याला थोडा न्याय द्यायला हवा. २०१५ च्या एका बहुचर्चित प्रयोगात १२ तरुणांना सलग पाच रात्री झोपण्यापूर्वी चार-चार तास पूर्ण उजेडाच्या स्क्रीनवर वाचायला लावलं आणि मग छापील पुस्तकाशी तुलना केली. झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक निम्म्याहून अधिक घटलं, पण झोप लागायला प्रत्यक्षात उशीर झाला तो सरासरी दहा मिनिटांचा. महिनोन्महिने दोन-दोन तास तळमळणाऱ्याचा सगळा दोष स्क्रीनच्या निळ्या प्रकाशावर टाकता येत नाही. फोनवर काय पाहतो, कुणाच्या मेसेजची वाट पाहतो, कुणाचं पॅकेज बघून पोटात खड्डा पडतो, हा मुद्दा बहुधा जास्त मोठा आहे. शिवाय कित्येक जण झोप येत नाही म्हणून फोन हातात घेतात. बाहेरून ते उलटं दिसतं.

'झोप येत नाही' हे सांगता येतं

मराठी घरांत 'मला डिप्रेशन आलंय' हे वाक्य उच्चारणं अजूनही अवघड आहे. "सगळं तर आहे, मग कसलं डिप्रेशन?" हा प्रश्न लगेच येतो. मुलीच्या बाबतीत लग्नाची काळजी, मुलाच्या बाबतीत 'एवढंसं काय घेऊन बसलास'. पण 'झोप येत नाही' हे जेवताना, बसमध्ये, फॅमिली डॉक्टरकडे कुठेही बोलता येतं. त्याची लाज वाटत नाही.

म्हणूनच ही तक्रार हलक्यात घेऊ नये. झोपेच्या तक्रारीमागे अनेकदा न बोललेलं काहीतरी असतं. झोप लागायलाच वेळ लागतो तेव्हा बहुधा चिंता असते, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही आणि सकाळ नकोशी वाटते तेव्हा बहुधा डिप्रेशन, असा डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे. तो प्रत्येकाला लागू पडत नाही. विशेषतः तरुणांमध्ये डिप्रेशन कधीकधी उलट रूपात, दहा-बारा तास झोपूनही न जाणाऱ्या थकव्याच्या रूपात येतं. ठोकताळ्यावरून घरच्या घरी निदान करू नये, पण प्रश्न विचारायला तो कामाचा आहे.

उपचार कोणते?

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या झोप संशोधकांच्या संघटनेने २०१७ मध्ये एकच शिफारस केली: दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून 'सीबीटी-आय' असावा. ही निद्रानाशासाठीची खास वर्तन-उपचार पद्धत आहे. साधारण चार ते आठ सत्रांची. ती स्पीलमन यांच्या त्या तिसऱ्या थरावर काम करते.

यातल्या दोन गोष्टी ऐकायला विचित्र वाटतात. पहिली, झोप कमी येत असेल तर गादीवरचा वेळ आणखी कमी करायचा. कुणी आठ तास पडून जेमतेम साडेपाच तास झोपत असेल, तर त्याला सुरुवातीला साडेपाच-सहा तासच गादीवर राहायला सांगतात. पाच तासांच्या खाली सहसा जात नाहीत. पहिला आठवडा जड जातो. मग झोपेची भूक साठते, झोप सलग होऊ लागते आणि वेळ हळूहळू वाढवतात. बायपोलर आजार किंवा फिट्स येणाऱ्यांनी मात्र हे परस्पर करू नये. त्यांच्यात झोप कमी केल्याने आजार उफाळू शकतो.

दुसरी गोष्ट, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि झोप आली की परत यायचं. हा सल्ला लिहिणाऱ्यांनी मुंबईतलं वन रूम किचन पाहिलेलं नसावं. दुसरी खोलीच नसेल तर? तर गादीवरून उठून खुर्चीत किंवा दाराशी चटई टाकून बसलं तरी चालतं. मुद्दा खोलीचा नाही, जागं असताना गादीवर न राहण्याचा आहे. आणि रात्री काहीही झालं तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची, रविवारीसुद्धा.

याने मनावर काय परिणाम होतो? २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या, निद्रानाश असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना ऑनलाइन सीबीटी-आय दिलं. त्यांची झोप सुधारलीच, शिवाय चिंता आणि नैराश्याची लक्षणंही इतरांपेक्षा कमी झाली. सहाही सत्रं पूर्ण करणारे मात्र थोडेच होते. ॲप डाउनलोड करणं सोपं, रोज सकाळी ठरल्या वेळी उठणं कठीण.

डिप्रेशन आधीच आलेलं असेल तर केवळ झोप सुधारून भागत नाही. डिप्रेशनच्या औषधासोबत सीबीटी-आय दिल्यावर बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं २००८ च्या ३० जणांवरच्या एका छोट्या चाचणीत दिसलं होतं. १५० जणांच्या पुढच्या चाचणीत तेवढा स्पष्ट फरक दिसला नाही. त्यामुळे दोन्हींवर उपचार हवेत.

आपल्याकडे सीबीटी-आयचं प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ मोठ्या शहरांतही शोधावे लागतात, लहान गावांत तर विचारायलाच नको. मग हाताशी येते ती गोळी. अल्प्राझोलम, झोल्पिडेम यांसारखी औषधं भारतात 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराने विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवायची असते. नियम कडक आहे तो उगाच नाही. यांची सवय लागू शकते, डोस वाढत जातो, आणि एकदम बंद केल्यास झोप आधीपेक्षा वाईट उडते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. रूममेटच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी हा उपचार नाही. दारूचंही तसंच. तिने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप मोडते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तीन महिने पूर्ण व्हायची वाट पाहायची गरज नाही. तीन-चार आठवडे झोप बिघडलेली असेल आणि त्याचा कामावर, अभ्यासावर, नात्यांवर परिणाम होत असेल तर फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करता येते. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, सुरू असलेली इतर औषधं ही कारणं ते आधी तपासतील. सोबत दोन आठवड्यांची झोपेची नोंद नेली तर फार मदत होते: गादीवर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो, चहा-कॉफी किती. मनगटावरच्या घड्याळातले आलेख त्यापुढे तितके गरजेचे नाहीत. ते बघून बघूनच झोप उडालेली माणसं आहेत, आणि संशोधकांनी त्यालाही एक नाव दिलंय: ऑर्थोसोम्निया.

एक फरक डॉक्टरांना आवर्जून सांगावा. दोन-तीन तास झोपूनही थकवा अजिबात नाही, उलट प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, वारेमाप खर्च, असं काही दिवस चालत असेल तर तो निद्रानाश नसून बायपोलर आजाराची खूण असू शकते. त्याचे उपचार वेगळे असतात आणि नुसतं डिप्रेशनचं औषध दिल्यास तो बिघडू शकतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. असे विचार रात्री जागं असताना जास्त गडद होतात आणि तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं आणि रात्री अडीच वाजताही फोन लावता येतो.